मुद्रितशोधन

चरईतल्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांची वाक्यं तपासली.
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
एकदा तर अख्खी कुक्कुटपालनाची पुस्तिका.
मुलाचं नाव ठेवलं ते हृषीकेश,
हृ नीट, षी दीर्घ.
शाळेत, रेशनकार्डावर, पुढे पोलिसांच्या नोंदवहीत
कुणीही ते कधी धड लिहिलं नाही.

तो चार पानी अंक काढायचा, दर महिन्याला.
मजकूर रात्री माझ्या टेबलावर ठेवून जायचा,
चष्म्याच्या घराखाली.
आमच्यात बोलणं असं तेवढंच.

पहिल्या अंकात एक वाक्य होतं,
'ज्याच्यावर मी प्रेम केलं तो कळव्याला राहायचा.'
मी लाल पेनाने केलं:
जिच्यावर. ती. राहायची.
एका ओळीत तीन चुका,
घाईत लिहितो कार्टा.
सकाळी कागद परत टेबलावर.
मी खोडलेल्या तिन्ही शब्दांखाली टिंबांची रांग.
ही खूण मीच शिकवली होती त्याला, सातवीत असताना.
आहे तसे ठेवावे.

मंदाकिनी आत तांदूळ निवडत होती.
कागद तिला दाखवला नाही.
तिला कधीचंच ठाऊक होतं, हे मला फार पुढे कळलं.

समलिंगी हा शब्द तो 'समलिंगि' लिहायचा.
अन्त्य अक्षर दीर्घ, मी समासात लिहिलं.
त्या शब्दाबद्दल मला तेवढंच सांगता येत होतं.

मग फोन. रात्री दीडला, पावणेतीनला.
मुरबाडचा कुणी, लग्न परवावर आलेला.
भिवंडीचा एक यंत्रमागावरचा, नुसता श्वास घ्यायचा.
हृषीकेश म्हणायचा, घाई नाही, मी आहे.
भिंतीच्या अलीकडे मीही जागा,
तो पोरगा बोलेपर्यंत.

तलावपाळीवरून दोघांना उचललं होतं,
खिसे रिकामे करून चौकीत बसवलेलं.
हा पहाटे गेला, सहीला.
आला तेव्हा कानामागे सूज.
'पडलो,' म्हणाला.
'पडलो'मध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात
रक्त तपासायला आलेल्यांच्या रांगेत
तो दरवेळी स्वतः सर्वांत पुढे उभा राहायचा,
नवख्या पोराला पहिलं व्हावं लागू नये म्हणून.

तेरा साली, डिसेंबरात, निकाल उलटला.
त्या रात्रीच्या मजकुरात एकही चूक नव्हती.
दोनदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच.
मी घाबरलो, त्याच्या खोलीचं दार ढकललं.
बूट घालूनच झोपलेला.
नाड्यांना गाठी बसल्या होत्या,
सोडवायला वेळ लागला.

अठरा साली लिहिलं ते सगळंच चुकलेलं.
'आम्ही' ऱ्हस्व, 'नागरिक'ची री दीर्घ,
पूर्णविराम तर कुठेच नाही.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.
परत लावलं.

शिरीष आता इथेच राहतो. कोलशेतचा, म्हात्रे.
रविवारी कोळंबी रांधतो,
मी खिडकी उघडतो, थोड्या वेळाने लावून घेतो.
मंदाकिनी त्याला मिठावरून बोलते.

दाराची पाटी करायला दिली तर रंगाऱ्याने
'शिरिष' लिहून आणलं.
म्हटलं, री दीर्घ.
'काका, कोण बघतंय एवढं? कोण हे तुमचे?'
नात्यांचे सगळे शब्द मला पाठ आहेत,
पत्रिकांतून हजारदा तपासलेले.
त्याचा ब्रश जिन्यावर ठिबकत होता.
री दीर्घ, मी पुन्हा म्हटलं,
घरातलं नाव आहे.
वाळायला किती वेळ लागेल?